सरांची फोर बाय फोर

डोंगरात जाण्याजोगी गाडी घ्यायचं कोणाच्या मनात आलं, की हल्ली लोक त्याला सरांकडे पाठवतात. सर शाळेत भूमिती शिकवतात. गाड्यांतलं त्यांना काय कळतं, असं कोणी विचारत नाही. कारण ज्याची गाडी सगळ्यांत जास्त दिवस गॅरेजमध्ये उभी होती तो त्या विषयातला जाणकार, अशी लोकांची पक्की समजूत असते. या न्यायाने सरांच्या तोडीचा जाणकार जवळपास सापडायचा नाही. सर येणाऱ्याला बसवतात, चष्मा पुसतात आणि एकच प्रश्न विचारतात, "गाडीत बसणार कोण?" समोरचा गोंधळतो. त्याला इंजिन, टायर, गिअर यांच्याबद्दल ऐकायचं असतं. पण हाच प्रश्न सरांना स्वतःला वेळेवर सुचला असता, तर त्यांचे दोन उन्हाळे आणि कमरेचे निदान दोन मणके वाचले असते.

सरांच्या गाडीत बसणार होती त्यांची आई. आई नर्स होती, आणि सगळी नोकरी तिने डोंगरावरच्या पठारावरच्या एका दवाखान्यात काढली. तिथे डॉक्टर फक्त पाटीवर असायचा. बाकी सगळं, म्हणजे बाळंतपणं, विंचू, मोडलेले हात आणि फुटलेली डोकी, आई आणि तिच्या हाताखालची आया या दोघी निस्तरायच्या. आयेला सगळे मावशी म्हणत. निवृत्त झाल्यावर आई खाली शहरात मुलाकडे राहायला आली, मावशी वरच राहिली. दर रविवारी सकाळी दोघी फोनवर भांडायच्या. कोणत्या बाळंतपणात कंदील कोणी धरला होता आणि कोणाचा हात कापत होता, हा वाद इतक्या वर्षांत मिटला नव्हता.

भांडून झालं की मावशीचा आवाज खाली यायचा. तिची नजर हळूहळू जात चालली होती. डॉक्टरांनी चार-पाच वर्षांची मुदत दिली होती. "सिस्टर, तुमचं तोंड दिसतंय तोवर एकदा वर या," ती म्हणायची. "येते गं, गुडघ्यांना विचारून सांगते," असं म्हणून आई फोन ठेवायची आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसायची. एका रविवारी सरांनी हे पाहिलं आणि जाहीर केलं, "आई, मी तुला वर नेतो." शहाणा मुलगा असं बोलतो आणि विसरून जातो. सर बोलले आणि कामाला लागले, इथेच सगळं बिघडलं.

पहिली स्वारी घरच्या छोट्या गाडीतून निघाली. पठाराकडे जाणारा रस्ता पायथ्यापर्यंत रस्ता आहे. त्यापुढे तो नुसता लोकांचा समज आहे. तिसऱ्या वळणावर एका दगडाने गाडीचं पोट धरलं, चेंबर फुटलं आणि ऑइलची काळी धार उताराने गाडीच्या आधी घरी निघाली. एका ट्रॅक्टरने सगळ्यांना ओढत खाली आणलं. ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंग धरून बसण्यासारखा मानभंग नाही. हातात सगळं असतं आणि काहीच नसतं. रस्त्याकडेची माणसं हात दाखवतात, आणि आपण हात दाखवावा की स्टिअरिंग धरावं हेही कळत नाही. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आमच्या वेळी बाळंतिणीला झोळीतून न्यायचे. ती याहून लवकर पोचायची."

त्या संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये परिषद भरली. ती कोणी बोलावली नव्हती. कोणाची गाडी बंद पडली की ती आपोआप भरते. इमारतीचे सेक्रेटरी होते, तळमजल्यावरचे विमा एजंट होते, आणि सरांच्या शाळेतले पी.टी.चे सर मुद्दाम स्कूटर वळवून आले होते. पी.टी.चे सर डोंगरात गाड्या घालणाऱ्यांच्या एका क्लबाचे सभासद होते. त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण टोपी होती.

"उंची, सर, उंची!" पी.टी.चे सर म्हणाले. "जमिनीपासून गाडी जितकी वर, तितका माणूस निर्धास्त. आणि जोर चारही चाकांना पाहिजे. फोर बाय फोर. त्याशिवाय डोंगराचं नाव काढू नका."

"उंच गाडी कलंडते," विमा एजंट म्हणाले. त्यांना जगातली प्रत्येक वस्तू कलंडताना, जळताना किंवा वाहून जातानाच दिसते.

"नवी मात्र घेऊ नका," सेक्रेटरी म्हणाले. "नवीला ओरखडा पडला की आपल्यालाच पडल्यासारखं वाटतं. जुनं लोखंड घ्या."

"अहो, पण आईंना विचारलंत का?" सरांच्या बायकोने वरच्या गॅलरीतून विचारलं. खाली टायरवर चर्चा सुरू झाली.

गाडी निवडण्यात कित्येक महिने गेले. सरांनी आधी अभ्यास केला, कारण अभ्यासाशिवाय चूक करणं त्यांच्या स्वभावात नाही. अभ्यासात त्यांना कळलं, की चढताना गाडीचं नाक जमिनीला टेकू नये यासाठी एक कोन लागतो, उतरताना शेपूट टेकू नये यासाठी दुसरा, आणि उंचवटा ओलांडताना पोट टेकू नये यासाठी तिसरा. हे वाचून सरांचे डोळे भरून आले. ज्या विषयाबद्दल मुलं जन्मभर "सर, याचा पुढे उपयोग काय?" असं विचारत आली, त्याचा उपयोग शेवटी सापडला होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वर्गात फळ्यावर गाडी काढली. मुलांनी तिचं नाक, पोट आणि शेपूट पाहून ती म्हैस समजून वहीत उतरवून घेतली.

शेवटी कुठल्याशा सर्वेक्षण खात्याने लिलावात काढलेली एक गाडी ठरली. जिथे गंज नव्हता तिथे तिला रंग होता. उजवा दरवाजा उघडत नव्हता आणि डावा बंद होत नव्हता. पी.टी.च्या सरांनी बॉनेटवर कौतुकाने थाप मारली, बॉनेट आत गेलं, आणि ते म्हणाले, "असं लोखंड आता बघायला मिळत नाही." सरांच्या बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली.

"ही चालते का?"

"चालेल," सर म्हणाले. प्रश्न वर्तमानकाळात होता, उत्तर भविष्यकाळात. बायको काय समजायचं ते समजली आणि वर निघून गेली.

आता कोन ठरवायचे तर रस्ता माहीत हवा, आणि तो पायी तुडवलेला होता फक्त आईने. तेव्हा दर रविवारी फोनवरचं भांडण आटोपलं, की सर कागद, पट्टी आणि शाळेतला मोठा लाकडी कोनमापक घेऊन आईच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसू लागले.

"नाल्यानंतरचा चढ किती आहे गं?"

"खूप."

"खूप म्हणजे किती?"

आई विचार करायची. "लोहाराच्या सुनेला खाली नेलं ना, तेव्हा वरच्या अंगाचा माणूस गुडघ्यांवर सरकत होता आणि खालच्या अंगाच्याने झोळी डोक्यावर धरली होती. तेवढा."

सर त्यावरून कोन काढायचे. मग लोहाराच्या सुनेचं पुढे काय झालं हे विचारावंच लागायचं. तिला मुलगा झाला, तो आता ट्रक चालवतो. त्या चढाच्या पुढच्या वळणावर एक शाळामास्तर साप समजून दोरीला घाबरून पडला होता आणि त्याचा खांदा आईने बसवला होता. त्याच्याही पुढे एक दगड होता, त्यावर बसून नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आई एकटीच रडली होती आणि मावशीने तिला तिथून हाताला धरून परत नेलं होतं. भूमितीला यातल्या कशाचाच उपयोग नव्हता, पण हे सगळं सांगून झाल्याशिवाय आई पुढचं वळण सांगत नसे. चहा गार व्हायचा, दुसरा यायचा, तोही गार व्हायचा.

कोन निघाले आणि गाडी मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेली. मेस्त्रींना "नाही" हा शब्द ठाऊक नव्हता. गाडी उंच होईल का? होऊन जाईल. दरवाजे लागतील का? होऊन जाईल. दोन्ही एकदम होईल का? तेही होऊन जाईल. फक्त "कधी?" असं विचारलं की मेस्त्री वर पत्र्याकडे बघायचे आणि कोणाला तरी चहा सांगायचे.

आधी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उंच केली. उंच गाडीला जुनी चाकं शोभेनात, म्हणून मोठे टायर आले. मोठे टायर मडगार्डला घासू लागले, म्हणून मडगार्ड कापले. मडगार्ड कापल्यावर चिखल थेट समोरच्या काचेवर यायला लागला, म्हणून रबराच्या झालरी लावल्या. टायर वाढल्यामुळे स्पीडचा काटा खोटं बोलू लागला. "केवढ्या स्पीडने चाललोय?" असं बायकोने विचारलं, की सर म्हणायचे, "थांब, गुणतोय." गुणाकार होईपर्यंत स्पीड बदललेला असायचा. मग पुढे विंच बसली. गाडी अडकली तर झाडाला दोर बांधून तिने स्वतःच स्वतःला ओढून काढायचं, अशी ती सोय. पण विंचच्या वजनाने गाडीचं नाक खाली गेलं आणि सरांनी कमावलेला पहिला कोन गेला. म्हणून पुढचं अंग आणखी उचललं. मग मागचं बसकं दिसू लागलं. असं करत करत गाडी कधी पुढून, कधी मागून वर वर जात राहिली.

पी.टी.चे सर अधूनमधून टोपी घालून देखरेखीला यायचे. नाल्याला पाणी असलं तर इंजिनाचा जीव गुदमरेल, म्हणून त्याला श्वास घ्यायला टपापर्यंत नळी पाहिजे, हे त्यांनीच सुचवलं. गाडी दाखवायला आणली तेव्हा आईने खिडकीतून ती नळी नीट पाहिली.

"ह्याचा घसा कशाला कापलात?" ती म्हणाली. "असे पेशंट फार दिवस काढत नाहीत."

गाडी पहिल्यांदा मुक्कामाला घरी आली, तो दिवस सर विसरले तरी शेजारी विसरू देत नाहीत. कोपऱ्यावरच सेक्रेटरी, विमा एजंट, त्यांचे दोघे मेहुणे आणि आणखी काही मंडळी "बघू तरी" म्हणत आत चढून बसली. सेक्रेटरींचं वजन इमारतीत सर्वमान्य आहे, आणि ते फक्त मीटिंगमध्येच जाणवतं असं नाही. एवढी मंडळी घेऊन गाडी पार्किंगच्या बीमखालून बोटभर जागा ठेवून आत गेली. सरांनी त्या बोटभर जागेकडे पाहून समाधानाने मान हलवली. मंडळी उतरली. दबलेले पाटे सुटले, गाडी वर आली आणि टप बीमला जाऊन भिडला. आता ती पुढे जाईना की मागे.

त्या दिवसापासून गाडी बाहेर काढायची तर सरांना आधी माणसं गोळा करावी लागायची. विमा एजंट यायचे, पण गाडीत बसले की पॉलिसीचा विषय काढायचे, आणि गाडी बीमखालून सुटेपर्यंत सरांना ऐकून घेणं भाग असायचं. सेक्रेटरींनी तर भाव खायला सुरुवात केली. "आज नको, दोन दिवस पोट बरं नाही, वजन उतरलंय," असं सांगून ते दार लावून घ्यायचे. ज्या माणसाच्या मीटिंगमधल्या भाषणाला सर जांभई देत आले, त्याला ते जिन्यात थांबवून "जेवण नीट जातंय ना?" असं काळजीने विचारू लागले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, टायरमधली हवा सोडून बघा ना." ती हे पहिल्याच दिवशी म्हणाली होती, पण तेव्हा सगळे बोलत होते.

एवढी सुधारलेली गाडी रस्त्यावर चालवायची तर वाहन खात्याची मंजुरी लागते. तिथल्या निरीक्षकांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "नंबरची पट्टी कुठाय?" नंबरची पट्टी ज्या मडगार्डच्या कडेला ठोकली होती, तो भाग कापला गेला होता, आणि मेस्त्री त्या तुकड्याने हात धुण्याची बादली झाकत होते. दुसऱ्या खेपेला सर तो तुकडा कापडी पिशवीत घालून घेऊन गेले. निरीक्षकांनी तो उलटसुलट करून पाहिला, कागदांशी ताडून पाहिला आणि पिशवीवर बोट ठेवलं.

"कागदाप्रमाणे गाडी ही आहे," ते म्हणाले. "मग ती बाहेर उभी आहे ती काय?"

"तीही हीच आहे."

"दोन्ही एक कशा असतील? ही पिशवीत मावते."

सरांनी भाग आणि पूर्ण यांचा संबंध थोडक्यात समजावून सांगितला. निरीक्षकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि तुकडा गाडीला पुन्हा जोडून आणायला सांगितलं. मेस्त्रींनी तो दरवाज्यावर जोडून दिला. बघणाऱ्याला ते ठिगळ वाटतं, पण खात्याच्या लेखी गाडी तेवढीच आहे आणि बाकीचं सगळं ठिगळ.

असा सगळा साज झाल्यावर एकदाचा निघायचा दिवस ठरला. मावशीला कळवलं. आई ठेवणीतले कपडे घालून, काठी टेकत खाली आली. पार्किंगमध्ये सगळी परिषद निरोपाला हजर होती. आई गाडीपाशी पोचली आणि थांबली. गाडीची पायरी तिच्या कमरेच्या वर होती.  नाकाचा, पोटाचा आणि शेपटीचा, तिन्ही कोन सरांनी चोख काढले होते. आईचा गुडघा किती वाकतो, हे मोजायचं राहून गेलं होतं.

आईने गाडीकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "छान झालीय," ती म्हणाली. "माझा फोटो घेऊन जा."

मग स्टूल आलं. स्टुलावर चढायला पाट आला. सेक्रेटरी बाह्या सारून पुढे झाले तेव्हा आईने काठी आडवी धरली. "मला हात लावाल तर याद राखा. मी तुमच्याएवढ्यांना इंजेक्शनं दिलीत." सर एकीकडे तोंड फिरवून उभे होते. एवढी खटपट कोणासाठी केली, असं त्यांना आत कुठेतरी दुखत होतं, आणि ते पी.टी.च्या सरांना दिसू नये अशी त्यांची धडपड चालली होती.

वाट काढली ती बायकोने. रस्त्याच्या टोकाला धान्याचं गोदाम आहे. ट्रकमधून पोती उतरवायला तिथे उंच धक्का बांधलेला आहे आणि मागच्या बाजूने त्यावर जायला उतार आहे. आई त्या उताराने सावकाश धक्क्यावर गेली, सरांनी गाडी धक्क्याला लावली, आणि आई पोत्यांच्या रांगेतून सरळ सीटवर येऊन बसली. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि वर पोचल्यावर उतरायचं कसं?" पुढच्या सीटवर बसत बायकोने विचारलं.

"होऊन जाईल," सर म्हणाले. मेस्त्रींची संगत थोडीथोडकी नव्हती.

तिसरं वळण आलं. ज्या दगडाने छोट्या गाडीचं पोट धरलं होतं, त्यावरून ही गाडी दगडाची दखलही न घेता गेली. सरांनी आरशात आईकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते, जणू एकेक झाड ओळखून त्याला काहीतरी सांगत होती. नाला आला. त्यात पाणी घोटाभर होतं, म्हणजे टपापर्यंतची नळी फुकट गेली. मग नाल्यानंतरचा तो प्रसिद्ध चढ समोर आला. सरांनी गाडी थांबवली, फोर बाय फोरचा दांडा ओढला, "आता बघ हं आई," म्हणाले आणि गाडी चढावर घातली.

अर्ध्या चढावर मागची चाकं गरगर फिरू लागली. धूळ उडाली, दगड उडाले, गाडी जागची हलेना. पुढची दोन चाकं लग्नातल्या पाहुण्यांसारखी नुसती बघत होती. सर उतरले आणि विंचचा दोर बांधायला झाड शोधू लागले. झाड नव्हतं. एक झुडूप होतं, ते दिसायला भक्कम होतं, आणि विंच सुरू होताच मुळासकट गाडीकडे चालत आलं. ते पाहून आईने पिशवीतून फोन काढला आणि मावशीला लावला.

सर गाडीखाली शिरले. गाडी उंच केल्याचा एक फायदा नाकारता येत नाही. माणूस तिच्याखाली ऐसपैस मावतो. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट, म्हणजे तो जाडजूड दांडा, जागेवर होता. तसाच एक पुढच्या चाकांकडे जायला हवा होता. तिथे हवा खेळत होती. सरांनी पडल्या पडल्या मेस्त्रींना फोन लावला.

"मेस्त्री, पुढच्या चाकांना जोर जात नाहीये."

"नाहीच जाणार," मेस्त्री म्हणाले. "पुढचा शाफ्ट इथे आहे ना."

"इथे म्हणजे कुठे?"

"भिंतीला टेकवून ठेवलाय. गाडी उंच केली ना, तो आखूड पडायला लागला. म्हणून काढून ठेवला." सरांनी मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे पुन्हा पाहिलं. "का? तुम्हाला लागणार होता का?"

 दोन उन्हाळे ज्या फोर बाय फोरसाठी सरांनी जिवाचं रान केलं, ती शहरभर आपल्या मागच्या दोन चाकांवर फिरत होती, आणि चारांची गरज पडावी असा प्रसंग शहरात आलाच नव्हता.

"आधी बोलायचं ना, सर," मेस्त्री हळहळले. "होऊन गेलं असतं."

तेवढ्यात चढावरून हॉर्न ऐकू आला. दुधाचा टेम्पो खाली येत होता. टायर गुळगुळीत, एक दिवा फुटलेला, मागे कॅनांची दाटी, आणि पुढच्या सीटवर काळा चष्मा लावून मावशी. टेम्पोवाल्याने गाडीची नळी पाहिली, विंच पाहिली, तिला गुंडाळलेलं झुडूप पाहिलं.

"काय साहेब, शूटिंग आहे का?"

"तुम्ही इथून रोज जाता?" सरांनी कसंबसं विचारलं.

"सकाळी खाली, दुपारी वर. पुढची सीट रिकामीच असते."

मावशी चपळ होती. टेम्पो गाडीला चिकटवून उभा करताच ती टेम्पोत मागून चढली आणि कॅनांमधून वाट काढत गाडीत बरोबर आईशेजारी जाऊन बसली. तिने चष्मा काढला, आईचं तोंड दोन्ही हातांत धरून अगदी नाकाजवळ आणलं आणि बराच वेळ बघितलं.

"सिस्टर, जाड्या झालात."

"दिसतंय ना तुला? मग बास."

 टेम्पोवाला सरांच्या बायकोला सांगून गेला, की दूध घालून परत येताना तो सगळ्यांना वर नेईल. आजीबाईंना बसल्या जागेवरून टेम्पोत सरकता येईल, दोन्ही एकाच उंचीवर आहेत. म्हणजे आईचं वर जाणं नक्की झालं होतं, आणि त्यात सरांच्या गाडीचा वाटा गोदामाच्या धक्क्याइतकाच होता. सर पुन्हा गाडीखाली गेले. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, पण तोंड लपवायला जागा होती.

वर गाडीत दोघींचं भांडण सुरू झालं होतं.

"दोन वर्षं सांगतेय, टेम्पोने या म्हणून," मावशी म्हणाली. "पाठीला उशी लावून आणलं असतं मी. माझे डोळे मिटायची वाट बघत होतात का?"

खाली सर श्वास धरून पडून राहिले.

"तुझ्या डोळ्यांना डॉक्टरने चार-पाच वर्षं दिली होती," आई म्हणाली. "ह्याचा काही नेम नव्हता."

"कोणाचा?"

"ह्याचा गं. खाली आहे तो. आधी दारातून डोकं घालून 'गोळ्या घेतल्यास का' एवढं विचारायचा. मी हो म्हणायची, की गेला. हे गाडीचं खूळ डोक्यात शिरलं आणि दर रविवारी पलंगावर येऊन बसायला लागला. चढ कसा आहे, दगड केवढा आहे. मी सांगत बसायची. त्या एका नाल्यावर मी चार रविवार काढले."

"नाला तर एका उडीचा आहे!"

"त्याला कुठे माहीत होतं? दोन-तीन वळणं तर मी पदरची घातली. टेम्पोने आले असते तर एका दिवसात सगळं उरकलं असतं, आणि हा परत गोळ्यांवर."

"हळू बोला, ऐकेल तो."

"ऐकू दे."

सर उताणे पडून गाडीच्या पोटाकडे बघत होते. त्यांना लाज वाटली. सरळ सांगायचं तर फारच लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग इतकं बरं वाटलं, की डोळ्यांतून पाणी आलं. अशा वेळी माणूस वरून ऑइल गळतंय असं तरी म्हणतो, पण ती सोय नव्हती; गळायचं नाही, एवढं एकच काम ती गाडी धड करत होती.

बायको खाली वाकली. "झालं का?"

सरांच्या हातात पाना नव्हता, हे तिने पाहिलं. त्यांचे डोळेही पाहिले.

"नाही," सर म्हणाले. "वेळ लागेल."

बायको सरळ उभी राहिली. "आई, वेळ लागेल म्हणतायत."

"लागू दे," आई म्हणाली. "आणि काही विचारायचं असेल तर तिथूनच विचार म्हणावं. शाफ्ट नाही म्हणून बोलणं बंद पडायला नको."

सरांनी डोळ्यांवरून बाही फिरवली. मग त्यांनी घसा साफ केला आणि खालूनच विचारलं, "आई, पदरची वळणं कोणती गं?"

वर दोघी इतक्या हसल्या, की चढावर अडकल्यापासून पहिल्यांदाच गाडी हलली.